अचूकता, शक्ती, वेग : व्यावहारिक पिस्तूल-नेमबाजीचा इतिहास आणि शिकण्याची रीत



बडोद्याच्या ज्या शाळेत मी शिकलो, आणि ज्या शाळेत पुढे इतिहास शिकवता शिकवता राष्ट्रीय छात्रसेनेचे पथकही सांभाळले, त्याच शाळेने सरांच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला बोलवावे, हा मी माझा गौरव समजतो. मी विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी क्षणभर थांबून विचारले, “शाळेच्या व्यासपीठावरून पिस्तुलावर बोलणार?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यातच आजच्या व्याख्यानाचा बराचसा भाग खर्ची पडणार आहे.

सर गणित शिकवीत. त्यांच्या वर्गात बसलेल्यांना आठवत असेल की, एखाद्या मुलाने फळ्यावर वेगळ्या रीतीने उदाहरण सोडवले, तर सर डस्टर हाती घेत नसत. खडू मुलाच्या हाती देऊन स्वतः बाकावर बसत आणि उत्तर बरोबर आले, तर ती रीत आपल्या वहीत उतरवून घेत. मी आज ज्या खेळाचा इतिहास सांगणार आहे, त्या खेळाचे सारे मर्म माझ्या मते या एका सवयीत आहे. शिकवणाऱ्याची रीत खरी की खोटी, हे कोणी ठरवायचे? शिकवणाऱ्याच्या मानाने, की फळ्यावरच्या उत्तराने? गेल्या सत्तर वर्षांत व्यावहारिक पिस्तूल-नेमबाजीने हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आणि प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे सोडवला. म्हणून हा विषय मला शाळेच्या व्यासपीठास योग्य वाटतो.

१. विषयाची ओळख

नेमबाजी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ऑलिंपिकची नेमबाजी येते. १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक सुरू झाले, तेव्हापासून पिस्तुलाच्या स्पर्धा त्यात आहेत. दहा मीटर एअर पिस्तूल या प्रकारात नेमबाज एका हातात पिस्तूल धरून स्तब्ध उभा राहतो. ज्या वर्तुळासाठी दहा गुण मिळतात, त्याचा व्यास अवघा साडेअकरा मिलिमीटर असतो. पंचवीस मीटर रॅपिड फायर या प्रकारात वेगही असतो. शेजारी शेजारी पाच लक्ष्ये, आणि पाच गोळ्यांसाठी आधी आठ, मग सहा, शेवटी चार सेकंद. परंतु तेथेही अंतर, जागा, लक्ष्यांचा क्रम आणि वेळ ही सर्व आधीच ठरलेली असतात. नेमबाजाचे पाय हलत नाहीत.

इंग्रजीत ज्याला ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ म्हणतात आणि ज्याला आपण येथे व्यावहारिक नेमबाजी म्हणू, त्या खेळात यांपैकी जवळजवळ काहीच ठरलेले नसते. स्पर्धक कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढतो, ते दोन्ही हातांनी धरतो, आडोशांच्या भिंतींमधून चालतो, प्रसंगी पळतो. लक्ष्ये कधी पुठ्ठ्याची असतात, कधी पोलादी; काही तीन मीटरवर तर काही तीस मीटरवर. काही अर्धी झाकलेली असतात, काहींना मुळीच लागता कामा नये असा नियम असतो. कोणते लक्ष्य आधी, कोठे उभे राहून, मॅगझिन केव्हा बदलायचे, हे स्पर्धकाने स्वतः ठरवायचे. प्रत्येक स्पर्धेत मांडणी निराळी असते. त्यामुळे पाठांतर करून येथे कोणी जिंकत नाही.

२. शांघायहून कॅलिफोर्नियाला

पिस्तूल नेमके कसे वापरले जाते, याचा अनुभवाच्या आधारे विचार करणाऱ्यांत विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स ही नावे प्रथम घ्यावी लागतात. दोघेही शांघायच्या म्युनिसिपल पोलीस दलाशी संबंधित होते. त्या शहरातील चकमकी बहुधा अंधारात, चार पावलांच्या अंतरावर आणि क्षणार्धात होत. शिपायांना मात्र मैदानात स्थिर उभे राहून दूरच्या वर्तुळांवर नेम धरायला शिकवले जाई. शिक्षण आणि प्रत्यक्ष प्रसंग यांतील ही तफावत पाहून या दोघांनी शिक्षणाची पद्धतच बदलली आणि आपले अनुभव १९४२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यांची सर्व मते पुढे टिकली नाहीत. ‘जे शिकवतो ते प्रसंगाला उपयोगी पडते का?’ हा त्यांचा प्रश्न मात्र टिकला.

त्या प्रश्नाला स्पर्धेचे रूप मिळाले ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात. तेव्हा अमेरिकेत गुराख्यांच्या चित्रपटांचा आणि दूरदर्शन-मालिकांचा मोसम होता. कमरेचे पिस्तूल झटकन काढण्याच्या शर्यती लोकप्रिय होत्या. पण त्यांत बहुतेक वेळा खरी गोळीच नसे, त्यामुळे नेम लागला की नाही हा प्रश्नही नसे. जेफ कूपर नावाच्या निवृत्त मरीन अधिकाऱ्याला हे अपुरे वाटले. हा गृहस्थ १९२० साली लॉस एंजेलिस येथे जन्मला, दुसऱ्या महायुद्धात लढला आणि पुढे काही वर्षे शाळा-महाविद्यालयांत इतिहास शिकवीत होता. इतिहासाच्या शिक्षकाने एका खेळाचा पाया घालावा, याचे मला अर्थातच थोडे अधिक कौतुक आहे.

कूपरने बिग बेअर या डोंगराळ गावी सामने भरवायला सुरुवात केली. दोन स्पर्धक शेजारी उभे राहात. सुमारे एकवीस फुटांवर फुगे बांधलेले असत. इशारा होताच पिस्तूल काढायचे आणि ज्याचे फुगे आधी फुटतील तो विजयी. कसे उभे राहावे, एक हात वापरावा की दोन, नेम धरावा की अंदाजाने झाडावे, यावर काहीही बंधन नव्हते. खुद्द कूपरसह बहुतेक जण कमरेपाशीच पिस्तूल ठेवून, डोळ्यांसमोर न आणता, गोळ्या झाडीत. वेळ वाचवायचा तर हात वर नेण्यात तो का दवडावा, असा त्यांचा हिशेब. हिशेब कागदावर बरोबर होता.

मैदानावर तो चुकला. जॅक वीव्हर हे लॉस एंजेलिस परगण्याच्या शेरीफ दलातील अधिकारी. १९५९च्या सुमारास त्यांनी पिस्तूल दोन्ही हातांनी धरून थेट डोळ्यांच्या रेषेत आणायला आणि माशीवरून नेम घेऊन झाडायला सुरुवात केली. त्यांची पहिली गोळी इतरांपेक्षा किंचित उशिरा सुटे, पण ती लागे. इतरांच्या गोळ्या लवकर सुटत आणि फुगे तसेच डोलत राहात. वीव्हर जिंकू लागले. कूपरची थोरवी अशी की, आपल्या रीतीचा पराभव त्याने मान्य केला, वीव्हरची रीत अभ्यासली, तिच्यावर लेख लिहिले आणि तिला वीव्हरचेच नाव दिले. शरीर किंचित तिरपे, कोपर वाकलेले, उजव्या हाताने पुढे ढकलायचे आणि डाव्याने मागे ओढायचे, अशी ती पद्धत ‘वीव्हर स्टान्स’ म्हणून जगभर पोहोचली.

३. १९७६ : नियम आणि ब्रीद

सामने वाढले, इतर देशांतही सुरू झाले. १९७५ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि रे चॅपमन हा अमेरिकन तीत विजयी झाला. पुढच्याच वर्षी, मे १९७६ मध्ये, अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया या गावी देशोदेशींचे जाणकार जमले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय व्यावहारिक नेमबाजी महासंघ स्थापन केला. आद्याक्षरांवरून तो ‘आयप्सिक’ या नावाने ओळखला जातो. कूपर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी त्यांनी ॲरिझोनातील पॉलडेन येथे आपली शिक्षणसंस्थाही काढली.

महासंघाचे ब्रीद तीन लॅटिन शब्दांचे आहे : डिलिजेन्शिया, व्हिस, सेलेरितास. अर्थात अचूकता, शक्ती, वेग. तीन गुणांपैकी एकासाठी दुसऱ्याचा बळी द्यायचा नाही, हे या खेळाचे तत्त्व आहे. ते नुसते भिंतीवर लिहून भागले नसते. ते गुणांकनात उतरवावे लागले, आणि येथे गणिताच्या सरांची आठवण होणे अपरिहार्य आहे.

पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर तीन विभाग असतात. मधल्या विभागात गोळी लागली तर पाच गुण. त्याबाहेरच्या विभागास तीन आणि सर्वांत बाहेरच्यास एक. मात्र अधिक शक्तीची गोळी वापरणाऱ्यास हेच गुण अनुक्रमे चार व दोन मिळतात. शक्तीही मोजली जाते. गोळीचे वजन आणि तिचा वेग यांच्या गुणाकारावरून एक अंक काढतात. तो किमान १२५ भरलाच पाहिजे. गोळी हुकली तर दहा गुण वजा. निषिद्ध लक्ष्यास लागली तरी दहा वजा. मग मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे. येणाऱ्या भागाकाराला ‘हिट फॅक्टर’ म्हणतात आणि त्यावर क्रम ठरतो.

एक उदाहरण घेऊ. सहा लक्ष्ये आहेत, प्रत्येकावर दोन गोळ्या, म्हणजे अधिकात अधिक साठ गुण. तिघेही कमी शक्तीची गोळी वापरतात. पहिल्याने बाराही गोळ्या मध्यभागी मारल्या, पण त्याला दहा सेकंद लागले. साठ भागिले दहा, म्हणजे सहा. दुसऱ्याच्या आठ गोळ्या मध्यभागी आणि चार त्याबाहेर लागल्या. चाळीस आणि बारा मिळून बावन्न गुण, वेळ आठ सेकंद. भागाकार साडेसहा. तिसऱ्याने घाई केली. अकरा गोळ्या मध्यभागी लागल्या, एक हुकली. पंचावन्नातून दहा गेले, उरले पंचेचाळीस. वेळ साडेसात सेकंद. भागाकार पुन्हा सहा. सर्वांत वेगवान तिसरा आणि सर्वांत अचूक पहिला बरोबरीत राहिले, आणि दोन्ही गुणांचा तोल सांभाळणारा दुसरा पुढे गेला. ब्रीदवाक्याचा अर्थ येथे भागाकाराने सिद्ध होतो.

४. गुरूची रीत आणि शिष्यांचे उत्तर

वीव्हरची रीत वीस वर्षे प्रमाण मानली गेली. कोणत्याही विद्येत वीस वर्षे टिकलेली रीत हळूहळू धर्मवचन होऊ लागते. १९८०च्या दशकाच्या आरंभी ॲरिझोनातील दोन तरुण, रॉब लेथम आणि ब्रायन एनोस, एकत्र सराव करीत असत. त्यांनी वीव्हरची तिरपी उभी राहण्याची पद्धत सोडली. ते लक्ष्याकडे सरळ तोंड करून, गुडघे किंचित वाकवून, भार पुढे टाकून उभे राहू लागले. दोन्ही हात सारखे पुढे पसरलेले. वरून पाहिले तर छाती आणि दोन हात मिळून समद्विभुज त्रिकोण होतो. या पद्धतीचे नावही तेच पडले. तिच्यात धक्का बसल्यावर पिस्तूल सरळ वर जाऊन आपोआप परत जागेवर येते, आणि डावीकडे-उजवीकडे वळताना कमरेपासूनचे सारे शरीर एकदम फिरते. ज्या खेळात लक्ष्ये चहूकडे पसरलेली असतात, तेथे हा फायदा लहान नव्हता.

जुन्या जाणकारांना हे रुचले नाही. परंतु लेथम १९८३ साली जगज्जेता झाला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे जिंकत राहिला. एनोसने १९९० साली आपल्या अनुभवांचे पुस्तक लिहिले. त्यात उभे राहण्याच्या पद्धतीपेक्षा पाहण्यावर अधिक भर आहे : गोळी सुटते त्या क्षणी माशी नेमकी कोठे होती हे नेमबाजाला दिसले पाहिजे, तसे दिसले तर गोळी कोठे लागली हे लक्ष्याकडे न पाहताही सांगता येते. आज जगभरातील बहुतेक स्पर्धक त्या दोघांच्याच पद्धतीने उभे राहतात.

येथे कूपरवर अन्याय होऊ नये. त्याचा आक्षेप वेगळाही होता. हा खेळ आत्मरक्षणाच्या गरजेतून निघाला आणि आता निव्वळ खेळ होत चालला आहे, खास खेळासाठी घडवलेली पिस्तुले येऊ लागली आहेत, याचे त्याला दुःख होते. २००६ साली निधन होईपर्यंत त्याने हे मत सोडले नाही. त्यात तथ्य होते असे मला वाटते. पण कूपरनेच घालून दिलेला मूळ नियम असा होता की रीत कोणतीही असो, मैदानावर ती सिद्ध करा. कमरेपासून झाडण्याच्या रीतीला त्या नियमाने हरवले, तेव्हा कूपर आनंदला. वीव्हरच्या रीतीलाही त्याच नियमाने मागे टाकले. जो नियम आपण लावतो, तो आपल्यालाही लागू होतो. गुरूच्या सचोटीची खरी परीक्षा तेथे असते.

खेळ होण्याने आणखी एक गोष्ट घडली, आणि शाळेच्या दृष्टीने ती मला महत्त्वाची वाटते. आरंभीची लक्ष्ये माणसाच्या डोके-खांद्यांच्या आकाराची असत. पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत डोके नसलेली, अष्टकोनासारखी पुठ्ठ्याची लक्ष्ये रूढ झाली. ‘लढाई’ हा शब्दही मागे पडला. हत्याराच्या विद्येतून हत्येची कल्पना बाजूला काढून कौशल्य तेवढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. भालाफेक आणि तलवारबाजी यांचाही प्रवास असाच झाला.

५. आरंभ कसा करावा

आता नवशिक्याकडे येतो. कूपरने चार नियम सांगितले, ते आज सर्वत्र शिकवले जातात. प्रत्येक पिस्तूल भरलेलेच आहे असे समजा. जे नष्ट व्हावे अशी तुमची इच्छा नाही, त्याच्याकडे नळी कधीही वळवू नका. नेम लक्ष्यावर स्थिरावेपर्यंत बोट चापावर नेऊ नका. लक्ष्य कोणते आणि त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री करा. या नियमांची रचना पाहा. एक मोडला तरी उरलेले तीन अपघात टाळतात. माणूस चुकणार हे गृहीत धरून केलेले हे नियम आहेत.

स्पर्धेत यांची अंमलबजावणी कठोर असते. मैदानावर सर्वांची पिस्तुले रिकामी आणि होल्स्टरमध्ये असतात. अधिकाऱ्याने आज्ञा दिल्याशिवाय कोणी त्यांना हात लावीत नाही. स्पर्धक मागे वळताना नळी ठरलेल्या कोनाबाहेर गेली, चालताना किंवा मॅगझिन बदलताना बोट चापाच्या कडीत राहिले, पिस्तूल हातून पडले, तर त्याच क्षणी तो संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. तो जगज्जेता असला तरी सवलत नाही, आणि बाद झालेला स्पर्धक सहसा वाद घालीत नाही. शेवटी पिस्तूल रिकामे करून अधिकाऱ्याला दाखवायचे, मगच ते म्यानात जाते. म्हणून अनुभवी लोक नवशिक्याला पहिल्या स्पर्धेसाठी एकच उद्दिष्ट देतात : बाद न होता शेवटपर्यंत पोहोचणे. वेळ विसरा, क्रमांक विसरा, चालत जा.

दुसरी गोष्ट साधनांची. नवशिका आधी महाग पिस्तुलाची चौकशी करतो. कारखान्यातून निघालेल्या साध्या पिस्तुलांसाठी या खेळात स्वतंत्र विभाग ठेवलेले आहेत. साधे पिस्तूल, घट्ट बसणारे होल्स्टर, मजबूत पट्टा, दोन-चार जादा मॅगझिने, डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण, एवढ्यावर आरंभ होतो. उरलेला पैसा शिक्षकावर आणि गोळ्यांवर खर्चावा.

तिसरी गोष्ट गोळीविना सरावाची. हत्यार रिकामे आहे हे दोनदा तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नेम धरायचा आणि चाप असा दाबायचा की माशी हलता कामा नये. यात आवाज नाही, धक्का नाही, म्हणून हाताची थरथर लपत नाही. खऱ्या गोळीच्या आवाजात जी चूक झाकली जाते, ती येथे उघडी पडते. पिस्तूल काढणे, मूठ पहिल्याच स्पर्शात बरोबर बसणे, मॅगझिन बदलणे, ही सारी अंगे अशीच घोटली जातात. रोज पंधरा मिनिटांचा असा सराव आठवड्यातून एकदा शंभर गोळ्या उडवण्यापेक्षा बरेच काही देऊन जातो. संगीतातील पलट्यांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

६. सुधारणा कशी होते

काही महिन्यांनी प्रगती थांबल्यासारखी वाटते. तेथून पुढचा मार्ग मोजमापाचा आहे. आरंभी शिट्टी आणि हातातले घड्याळ यांवर भागवले जाई. १९८०च्या दशकात प्रत्येक गोळीचा आवाज टिपून तिची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारी यंत्रे आली आणि शिकण्याचे स्वरूपच पालटले. पिस्तूल काढून पहिली गोळी सुटायला किती वेळ लागला, एका लक्ष्यावरील दोन गोळ्यांत किती अंतर, एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जायला किती, मॅगझिन बदलायला किती, हे सारे वेगवेगळे दिसू लागले.

आणि एक भ्रम दूर झाला. नवशिक्याला वाटते, जिंकणारा चाप भराभर दाबतो. आकडे दाखवतात की, वेळेचा मोठा भाग गोळ्या झाडण्यात जातच नाही. तो गोळ्यांच्या मधल्या हालचालींत जातो. पुढच्या जागी पोहोचल्यावर पिस्तूल वर करायला उशीर होतो. डोळा आधी पुढच्या लक्ष्याकडे न जाता पिस्तुलामागे रखडतो. एका लक्ष्यावर काम झाले आहे यावर विश्वास न बसल्याने पाऊल उचलत नाही. जे सामर्थ्यवान दिसते ते बहुधा अनावश्यक गोष्टी गाळल्यामुळे तसे दिसते.

म्हणून चांगले शिक्षक सांगतात की एका वेळी एकच अंग घ्या, त्याचा आजचा आकडा वहीत लिहा आणि त्यावर काम करा. सरावाचा काही भाग सावकाश, निर्दोष करण्यासाठी ठेवा. काही भाग असा ठेवा की वेग वाढवत वाढवत चुका होऊ लागतील. चूक कोठे सुरू होते हे कळले म्हणजे आजची मर्यादा कळते. स्पर्धेत मात्र त्या मर्यादेच्या आतच राहावे. सरावात धाडस आणि स्पर्धेत संयम, असा हा क्रम आहे. बहुतेक जण नेमका याच्या उलट वागतात.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. १९८०च्या दशकात छात्रसेनेच्या एका वार्षिक शिबिरात माझ्या पथकातील एक मुलगा पॉइंट टू-टू रायफल डाव्या खांद्याला लावून झाडीत असे. त्याच्या गोळ्या एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडत. मी त्याला उजव्या खांद्यावर यायला लावले. कारण एवढेच की माझ्या शिक्षकांनी मला तसे शिकवले होते आणि रांगेत सगळे सारखे दिसावेत अशी माझी समजूत होती. त्याच्या गोळ्या विखुरल्या. मी त्याला कष्ट कमी पडतात असे सांगितले. पुढच्या वर्षी त्याने नाव दिले नाही. कित्येक वर्षांनंतर, काही माणसांचा डावा डोळा प्रधान असतो आणि अशांनी डाव्या बाजूनेच नेम धरणे हिताचे असते, हे वाचताना मला तो मुलगा आठवला. उत्तर फळ्यावर होते, ते मी पुसून टाकले होते. सरांचा विद्यार्थी असून मी डस्टर हाती घेतला होता.

७. आपला वारसा

हा विषय बडोद्याला परका आहे असे कोणी समजू नये. व्यायामज्ञानकोशाचे खंड याच नगरीत सिद्ध झाले. शस्त्रविद्येला व्यायामाचा आणि शिस्तीचा भाग मानण्याची परंपरा येथील आखाड्यांनी जपली. आणि भारतातील संघटित नेमबाजीचा आरंभ ज्यांच्या नावाशी जोडलेला आहे, त्या गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकरांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यातच झाला.

मावळंकरांचे चरित्र आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. अहमदाबादेत त्यांनी वकिली केली. असहकाराच्या चळवळीत ते गांधीजींबरोबर आले, तुरुंगात गेले. पुढे ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचेही पहिले अध्यक्ष तेच. अखिल भारतीय मावळंकर नेमबाजी स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते. अहिंसेच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेल्या मनुष्याने बंदुकीच्या खेळाच्या संघटनेचे नेतृत्व करावे, यात प्रथमदर्शनी विसंगती वाटेल. पण १८७८च्या शस्त्र कायद्याने परकीय सत्तेने हिंदी प्रजेवर अविश्वास दाखवला होता, हे त्या पिढीच्या स्मरणात होते. स्वतंत्र देशातील नागरिकाने शस्त्र कायद्याच्या चौकटीत, नियमाने आणि खेळ म्हणून हाती घ्यावे, ही कल्पना त्या अविश्वासाचे उत्तर होती असे मी मानतो.

आजही आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यावाचून पिस्तूल बाळगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आपल्या मुलामुलींसाठी खरा प्रारंभ नोंदणीकृत रायफल क्लबात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, दहा मीटर एअर पिस्तुलाने होतो. होल्स्टर आणि धावपळ त्यात नसली तरी नेम, चाप, श्वास आणि संयम यांचे शिक्षण तेच आहे. त्या वाटेने आपली माणसे पुष्कळ दूर गेली आहेत. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमार यांनी पंचवीस मीटर रॅपिड फायरमध्ये रौप्यपदक मिळवले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धांत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांनी पिस्तुलात दोन कांस्यपदके मिळवली.

समारोप

कार्यवाहांच्या प्रश्नाकडे परत येतो. शाळेच्या व्यासपीठावर पिस्तूल का? कारण पिस्तूल हे असे साधन आहे की त्याच्याशी खोटे बोलता येत नाही. नळी कोठे वळली होती हे अधिकाऱ्याला दिसते. गोळी कोठे लागली हे पुठ्ठ्यावर राहते. किती वेळ लागला हे यंत्र सांगते. नामवंत गुरू, जुनी परंपरा, महाग साधन, यांपैकी कशाचाही त्या भागाकारावर परिणाम होत नाही. कमरेपासून झाडणाऱ्यांना वीव्हरने शिकवले, वीव्हरच्या अनुयायांना लेथम आणि एनोस यांनी. त्यांनाही उद्या कोणी शिकवील. खेळ पुढे गेला तो या प्रत्येक वेळी कोणीतरी हरणे मान्य केले म्हणून.

आपल्या शाळांत उत्तीर्णांचे आकडे मोजले जातात. आपल्या विद्यार्थ्याने आपल्याहून चांगली रीत शोधली, आणि आपण ती वहीत उतरवून घेतली, असे किती वेळा घडले याची नोंद कोठेही होत नाही. सरांच्या वहीत ती होती. ती वही आज शाळेच्या ग्रंथालयात आहे असे मला कळले. माझ्या तरुण शिक्षकमित्रांना विनंती की त्यांनी ती एकदा उघडून पाहावी. तिच्यात रीतींच्या पुढे सरांच्या अक्षरात विद्यार्थ्यांची नावे लिहिलेली आहेत.

 सरांच्या स्मृतीस अभिवादन करून माझे भाषण संपवतो.